तुमच्या कॅरेक्टरकडं जादू आली कुठनं? डी अँड डीत स्पेलकास्टर करायच्या आधी हे ठरवा

टिळकवाडीत आमचा डी अँड डीचा, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून गोष्ट रचत खेळायच्या गेमचा, ग्रुप दर शनिवारी बसतो, आणि पावसाळ्यात बेळगावात बाहेर कुठं जायची सोयच नसते म्हणून रविवारी पण बसतो. नवीन कुणी आलं की एक प्रसंग ठरलेला. पोरगं पुस्तक उघडतं, स्पेलची, म्हणजे मंत्रांची, यादी चाळतं, फायरबॉलवर, म्हणजे आगीच्या गोळ्यावर, बोट ठेवतं आणि म्हणतं मला हे पाहिजे. मग आमचा डीएम, म्हणजे गेम चालवणारा डंजन मास्टर, शांतपणे विचारतो, "देतो की, पण तुझ्याकडं ही जादू आली कुठनं?" आणि तिथं गाडी थांबते.

बऱ्याच जणांना वाटतं हा प्रश्न नुसता गोष्टीसाठी आहे, बॅकस्टोरीत दोन ओळी लिहिल्या की झालं. तसं नाही. या गेममध्ये जादू कुठनं आली त्यावरच सगळं हिशोबाचं गणित बसलंय. कुठली अॅबिलिटी, म्हणजे कॅरेक्टरचा कुठला गुण, वाढवायची, किती स्पेल येणार, रोज बदलता येणार का नाही, संपले की परत कधी मिळणार, हे सगळं त्या एका उत्तरातनं निघतं. म्हणून स्पेलची यादी थोडा वेळ बाजूला ठेवा आणि आधी हे वाचा.

मी गेमच्या फिफ्थ एडिशनचं, म्हणजे पाचव्या आवृत्तीचं, सांगतोय, २०१४ च्या प्लेयर्स हँडबुकप्रमाणं, कारण आमच्या टेबलावर तेच पुस्तक आहे. २०२४ ला सुधारलेलं आलंय, त्यातला फरक पुढं सांगतो. आणि पुस्तक घ्यायला पैसे नसले तरी अडत नाही, एसआरडी ५.१ म्हणून मूळ नियमांचा संच आहे तो जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली फुकट आणि कायदेशीर मिळतो. त्यात प्रत्येक क्लासची, म्हणजे विझर्ड, क्लेरिक अशा कॅरेक्टरच्या प्रकाराची, एकच सबक्लास, म्हणजे पोटप्रकार, दिलीय, पण सुरुवातीला तेवढी पुरते.

विझर्डपासनं सुरू करतो, कारण तो समजला की बाकीचे पटापट समजतात.

विझर्डकडं जन्मतः काही नसतं, कुठला देव पण पाठीशी नसतो. तो शिकलाय. घोकलंय, उतरवून काढलंय, चुकलंय, परत केलंय. म्हणून त्याची अॅबिलिटी इंटेलिजन्स, आणि म्हणून त्याचा सगळा जीव एका वहीत, जिला स्पेलबुक म्हणतात. कॅरेक्टर पहिल्या लेव्हलला, म्हणजे पहिल्या पायरीवर, असताना वहीत ६ स्पेल असतात, पुढं दर लेव्हलला २ नवीन लिहायला मिळतात. पण खरी मजा पुढं आहे, दुसऱ्या कुणाची वही किंवा स्क्रोल सापडलं तर त्यातनं पण उतरवता येतं, स्पेलच्या दर लेव्हलमागं २ तास आणि ५० सोन्याची नाणी लागतात. म्हणजे दुसऱ्या लेव्हलचं स्पेल असेल तर ४ तास आणि १०० नाणी. त्यामुळं खजिना सापडल्यावर बाकीचे तलवार बघत असतात तेव्हा विझर्ड कपाटातली जुनी पुस्तकं उलथीपालथी करत असतो, आणि तसंच करायला पाहिजे.

वहीत आहे ते सगळं रोज वापरता येत नाही. सकाळी उठून काही स्पेल तयार करायचे, इंटेलिजन्सचा मॉडिफायर, म्हणजे त्या गुणाच्या स्कोअरवरनं निघणारा छोटा आकडा, अधिक विझर्डची लेव्हल एवढे. इंटेलिजन्स १६ असेल तर मॉडिफायर ३, पहिल्या लेव्हलला ३ अधिक १ म्हणजे ४ स्पेल तयार. आमच्या एका गेममध्ये हे फार महागात पडलं. आमच्या डीएमचं जग खानापूरच्या जंगलावर बेतलेलं आहे, त्यात मलप्रभेसारखी एक नदी, भर पावसात ओलांडताना विझर्डची पिशवी वाहून गेली. तो दुसऱ्या लेव्हलला होता, वहीत ८ स्पेल, त्यातले ५ त्या दिवशी तयार केलेले. नियम असा की तयार केलेले स्पेल डोक्यात असतात, ते नवीन वहीत परत लिहिता येतात. पाच वाचले, तीन गेले. तेव्हापासनं आमच्यात विझर्ड करणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगतो की स्वतःच्या वहीची दुसरी कॉपी करून ठेव, ती स्वस्त पडते, दर लेव्हलला १ तास आणि १० नाणी एवढीच.

विझर्ड करणार असाल तर डीएमला तीन उत्तरं द्या: कुणी शिकवलं, शिकण्यासाठी काय सोडावं लागलं, आणि पहिली वही कुणाची होती. एवढ्यात कॅरेक्टर उभं राहतं.

आता सॉर्सरर. याला कुणी शिकवलेलं नाही. रक्तातच आलंय. हे समजावून सांगायला मला आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण सापडतं. सुळेभावी इथं आपल्यापासनं हाकेच्या अंतरावर, तिथं १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले. लहान असतानाच मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून हुबेहूब तसंच गायचे, तालीम नंतर मुंबईत देवधर मास्तरांकडं झाली. गळ्यात आधी होतं, शास्त्र मागनं आलं. सॉर्सररचं नेमकं तसंच आहे, जादू आधी आली, ती आवरायची कशी ते तो लेव्हल चढत चढत शिकतो. म्हणून त्याची अॅबिलिटी करिझ्मा, म्हणजे माणसाच्या आतलं तेज, त्याच्या असण्याचा जोर. अभ्यासाचा काही संबंध नाही.

आणि म्हणूनच त्याचे स्पेल कमी. पहिल्या लेव्हलला ४ कॅन्ट्रिप, म्हणजे कितीही वेळा टाकता येणाऱ्या छोट्या जादू, आणि फक्त २ स्पेल. विसाव्या लेव्हलला पोचला तरी १५. विझर्डच्या वहीत तोपर्यंत नुसते लेव्हलचेच ४४ झालेले असतात. नवीन लोक हे बघून नाराज होतात पण थांबा जरा, दुसऱ्या लेव्हलपासनं त्याला सॉर्सरी पॉइंट मिळतात आणि तिसऱ्यापासनं मेटामॅजिक, म्हणजे तेच स्पेल दोघांवर एकदम टाकणं, पटकन बोनस अॅक्शनमध्ये टाकणं, किंवा तोंडातनं शब्द न काढता टाकणं. विझर्डला शंभर चिजा येतात, याला पंधराच येतात पण त्या पंधरा तो हव्या तशा वळवतो. सबक्लास निवडताना ड्रॅगनचं रक्त घेतलं तर आजा-पणजाची गोष्ट ठरवा. वाइल्ड मॅजिक घेतलं तर डीएमला आधी विचारा, कारण पहिल्या किंवा वरच्या लेव्हलचं स्पेल टाकल्यावर डीएम तुम्हाला डी ट्वेंटी, म्हणजे वीस बाजूंचा फासा, टाकायला लावू शकतो आणि १ पडला तर टेबलवर काहीही होऊ शकतं. काही डीएमना ते आवडतं, काहींना नाही.

वॉरलॉक हा माझा सगळ्यात आवडता, त्यामुळं यावर जास्त बोलणार.

वॉरलॉकनं जादू सौदा करून घेतलीय. आपल्याकडं नवस बोलतात तसं डोक्यात आणा, हे दे म्हणजे मी ते करीन. पण नवस आपण देवाला बोलतो आणि फेडला की मोकळे होतो. वॉरलॉक ज्याला बोललाय तो देव असेलच असं नाही, आणि फेडणं कधी संपेल ते त्याला माहीत नसतं. पुस्तकात तीन पेट्रन, म्हणजे जादू देणारे, दिलेत, आर्चफे (परीलोकातला राजा किंवा राणी), फीन्ड (सैतान) आणि ग्रेट ओल्ड वन (कल्पनेपलीकडची प्राचीन शक्ती). आमच्या टेबलवर माझ्या मावसबहिणीनं आर्चफे घेतला, पण परदेशी परीराणी तिला जवळची वाटेना, म्हणून डीएमनं जांबोटीकडच्या रानातला वेताळ केला, रात्री पालखी घेऊन फिरणारा. नियम सगळे आर्चफेचेच, चेहरा तेवढा आपला. ती अडीच वर्षं ते कॅरेक्टर खेळली आणि वेताळ प्रत्येक वेळी काय मागणार याची आम्ही सगळे वाट बघायचो. हे तुम्हालाही करता येतं, पुस्तकातला नियम तसाच ठेवायचा आणि वरचं कातडं बदलायचं, डीएमशी बोलून.

नियमात हा सौदा कसा दिसतो बघा. जादू उसनी आहे म्हणून थोडी थोडी मिळते, पहिल्या लेव्हलला १ स्लॉट, म्हणजे एक स्पेल टाकायची मुभा, दुसऱ्याला २, आणि तिथंच फार काळ राहते. पण उसनं देणारा जवळच आहे म्हणून लवकर परत मिळते. बाकीच्यांना लॉन्ग रेस्ट, म्हणजे ८ तासांची विश्रांती लागते, वॉरलॉकला शॉर्ट रेस्ट, १ तास बस. शिवाय त्याचा स्लॉट कायम त्याच्या सगळ्यात वरच्या लेव्हलचा असतो, पाचव्या लेव्हलच्या वॉरलॉकचे दोन्ही स्लॉट तिसऱ्या लेव्हलचे. उरलेल्या वेळात एल्ड्रिच ब्लास्ट, हे कॅन्ट्रिप आहे, कितीही वेळा टाका, १डी१० डॅमेज, म्हणजे दहा बाजूंच्या एका फाशावर पडेल तेवढी इजा. वॉरलॉक करणार असाल तर पार्टीला, म्हणजे बरोबर खेळणाऱ्यांना, आधीच सांगून ठेवा की मधे मधे तासभर बसायला लागेल, नाहीतर विझर्डवाला चला चला करत राहतो आणि तुमच्याकडं एक-दोन स्लॉट वापरून झाल्यावर कॅन्ट्रिपशिवाय काही उरत नाही. आमच्यात यावरनं चांगलीच वादावादी झाली होती, शेवटी ठरलं की दर दोन लढायांनंतर शॉर्ट रेस्ट घ्यायचाच.

आणि पेट्रनबद्दल डीएमशी सुरुवातीलाच बोला. तुम्ही त्याचं ऐकलं नाही तर काय होणार? जादू जाणार का? हे मधेच भांडून ठरवण्यापेक्षा पहिल्या दिवशी ठरवलेलं बरं.

क्लेरिकला लोक पुजारी म्हणतात, ते अर्धवट आहे. देवळात रोज पूजा करणाऱ्या प्रत्येकाकडं जादू नसते. देवानं ज्याला निवडलं तो क्लेरिक, मग तो चपला शिवणारा असला तरी चालेल. त्याची अॅबिलिटी विझ्डम, म्हणजे शहाणपण. त्याला स्पेल शोधत फिरायला लागत नाही, क्लेरिकची सगळी यादी त्याच्यासाठी उघडी असते, रोज सकाळी प्रार्थना करून त्यातनं विझ्डमचा मॉडिफायर अधिक लेव्हल एवढे निवडायचे. आज लढाई आहे, लढाईचे घ्या. उद्या गावात आजार आहे, उद्या वेगळे घ्या. डोमेन, म्हणजे देवाचं क्षेत्र, पहिल्याच लेव्हलला निवडायचं, आणि डोमेनचे स्पेल कायम तयार असतात, ते मोजायचे नाहीत. नवीन माणूस हमखास इथं चुकतो. लाइफ डोमेन घेतलं तर ब्लेस आणि क्युअर वूंड्स आपोआप तयार आहेत, तरी तो रोजच्या निवडीत परत तेच लिहितो आणि दोन जागा वाया घालवतो.

ड्रूइड पण विझ्डमवरच, रोज निवडायचं पण तसंच, फक्त देणारा एक देव नाही, सगळं रान आहे. आपल्याकडं देवराई असते की, जिथलं लाकूड कुणी तोडत नाही, वाळलेली काटकी पण घरी आणत नाहीत. ड्रूइड तिथला माणूस. धातूचं चिलखत तो घालत नाही आणि दुसऱ्या लेव्हलला जनावराचं रूप घेतो.

पॅलाडिनचं मात्र नीट समजून घ्या, कारण लोक त्याला तलवारवाला क्लेरिक समजतात. पॅलाडिनची ताकद शपथेतनं येते. घरात कुणी माळकरी असेल तर लगेच कळेल. माळ घातली की घातली, मग लग्नाच्या पंगतीत बाकी सगळे मटण खात असू देत, तो हात लावत नाही, आणि त्याच्या त्या न डगमगण्यालाच लोक मानतात. पॅलाडिनला स्पेल दुसऱ्या लेव्हलला येतात, शपथ तिसऱ्याला. विझर्डसारखा पूर्ण कास्टर, म्हणजे सगळी भिस्त जादूवर असणारा, नाही तो, अर्धाच आहे. पण स्लॉट खर्च करून तलवारीच्या वारात डिव्हाइन स्माइट घालता येतं, पहिल्या लेव्हलच्या स्लॉटला २डी८, म्हणजे आठ बाजूंचे दोन फासे, जास्त डॅमेज. शपथ मोडली तर काय, ते पुस्तकात डीएमवर सोडलंय, क्लासच सोडायला लागू शकतो. म्हणून शपथ घेताना खेळता येईल अशीच घ्या.

बार्डची जादू शब्दात आणि सुरात. संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, तेव्हा बोलण्यानं आणि गाण्यानं माणूस कसा बांधला जातो हे आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको. करिझ्मावर चालतो, पहिल्या लेव्हलला २ कॅन्ट्रिप आणि ४ स्पेल, आणि दहाव्या लेव्हलला कुठल्याही क्लासचे दोन स्पेल उचलता येतात. रेंजर, म्हणजे रानात वावरणारा शिकारी, विझ्डमवर, तो पण अर्धा कास्टर. फायटर (लढवय्या) आणि रोग (चोरटा) या क्लासना पण तिसऱ्या लेव्हलला एक एक सबक्लास आहे जिथं थोडी विझर्डची जादू येते, एल्ड्रिच नाइट आणि आर्केन ट्रिकस्टर. आणि क्लास न बदलता नुसती चव पाहिजे असेल तर मॅजिक इनिशिएट नावाचं फीट, म्हणजे जादा कौशल्य, घ्या, २ कॅन्ट्रिप आणि पहिल्या लेव्हलचं १ स्पेल मिळतं. हाय एल्फ या जमातीच्या कॅरेक्टरला तर जन्मतःच विझर्डचं एक कॅन्ट्रिप असतं.

उगम ठरला की मग आकडे. इथं सगळ्यात मोठा गोंधळ लेव्हल या शब्दाचा. कॅरेक्टरची लेव्हल वेगळी, स्पेलची लेव्हल वेगळी. कॅरेक्टर १ ते २०, स्पेल १ ते ९. तिसऱ्या लेव्हलचा विझर्ड तिसऱ्या लेव्हलचं स्पेल टाकू शकत नाही, त्याला दुसऱ्यापर्यंतच येतात. फायरबॉल तिसऱ्या लेव्हलचं स्पेल आहे, ते पाचव्या लेव्हलला येतं. नवव्या लेव्हलचं स्पेल सतराव्याला.

स्लॉट म्हणजे खाणावळीचं कुपन समजा. स्पेल म्हणजे मेनूवरची डिश, तुम्हाला कुठल्या डिश येतात ते वेगळं आणि खिशात कुपनं किती ते वेगळं. पहिल्या लेव्हलच्या विझर्डकडं ४ स्पेल तयार आहेत पण कुपनं २च. एकच डिश दोनदा घेतली तरी चालते. मोठं कुपन देऊन छोटी डिश घेता येते आणि बऱ्याचदा ती जास्त वाढून मिळते, मॅजिक मिसाइल पहिल्या लेव्हलच्या स्लॉटनं ३ बाण, दुसऱ्यानं ४. छोट्या कुपनावर मोठी डिश मात्र मिळत नाही. कॅन्ट्रिप म्हणजे ताटातलं मीठ-लोणचं, त्याला कुपन लागत नाही.

पूर्ण कास्टरचे स्लॉट असे वाढतात: पहिल्या लेव्हलला २, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला पहिल्या लेव्हलचे ४ आणि दुसऱ्या लेव्हलचे २, पाचव्याला ४, ३ आणि तिसऱ्या लेव्हलचे २. विझर्डला दिवसातनं एकदा शॉर्ट रेस्टनंतर थोडे स्लॉट परत मिळतात, पहिल्या लेव्हलला १. हे लोक विसरतात, शीटवर, म्हणजे कॅरेक्टरची माहिती लिहायच्या कागदावर, वरच लिहून ठेवा.

समोरच्यानं तुमच्या स्पेलपासनं वाचायचं तर त्याला किती पाडायला लागतं, तो सेव्ह डीसी: ८ अधिक प्रोफिशियन्सी बोनस (लेव्हलप्रमाणं वाढणारा तयारीचा आकडा) अधिक तुमच्या अॅबिलिटीचा मॉडिफायर. १६ स्कोअर असेल तर पहिल्या लेव्हलला ८ अधिक २ अधिक ३, तेरा. स्पेलनं थेट मारायचं असेल तर ८ सोडून द्या, डी ट्वेंटीवर पडेल त्यात अधिक ५. हे दोन आकडे आधीच काढून ठेवा म्हणजे प्रत्येक वेळी सगळ्यांना थांबायला लागत नाही.

कॉम्पोनन्टबद्दल, म्हणजे स्पेल टाकायला काय काय लागतं त्याबद्दल, लोक कंटाळतात पण मला हाच भाग सगळ्यात जवळचा वाटतो. आज्जी दृष्ट काढायची आठवतंय? तोंडानं काहीतरी पुटपुटायची, मूठ अंगावरनं ओवाळायची, आणि मुठीत मीठ-मोहरी-मिरची. शब्द, हाताची हालचाल आणि वस्तू. डी अँड डीतले तीन कॉम्पोनन्ट हेच. तोंड बांधलं तर शब्दवालं स्पेल जमत नाही, हात बांधले तर हालचालवालं जमत नाही. वस्तूच्या जागी बऱ्याचदा कॉम्पोनन्ट पाऊच (अशा वस्तूंची पिशवी) किंवा फोकस (कांडीसारखं साधन) चालतो, पण ज्या वस्तूची किंमत लिहिलीय ती खरंच आणायला लागते, मेलेल्याला उठवायच्या रेव्हिव्हिफायला ३०० नाण्यांचे हिरे लागतात आणि ते संपतात. आमच्यातला क्लेरिक आता शब्द कन्नडमध्ये म्हणतो, वॉरलॉक कोकणी मिसळून, विझर्ड मराठीत, आणि ऐकायला इतकं छान वाटतं की टेबलवर सगळे गप्प होतात. सीमाभागात राहून तीन भाषा कानावर असतातच, त्याचा उपयोग करा.

कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे लक्ष धरून ठेवायला लागतं असं, लिहिलेलं स्पेल एका वेळी एकच चालू राहतं. मार बसला की ते टिकवायला कॉन्स्टिट्यूशन (अंगातला दम) या गुणावर फासा टाकायचा, म्हणजे सेव्ह, डीसी १० किंवा डॅमेजच्या निम्मे, जे जास्त असेल ते. म्हणून कास्टरनं कॉन्स्टिट्यूशनकडं दुर्लक्ष करू नये.

२०२४ च्या पुस्तकाचं थोडक्यात: सगळ्यांना सबक्लास आता तिसऱ्या लेव्हलला, पॅलाडिन आणि रेंजरला स्पेल पहिल्या लेव्हलपासनं, आणि किती स्पेल तयार करायचे ते सगळ्यांसाठी टेबलमध्ये सरळ दिलंय, मॉडिफायर मिळवत बसायला नको. यात एक अडचण अशी होते की वॉरलॉकचा पेट्रन कोण ते नियमात तिसऱ्या लेव्हलला येतं. तुम्ही मात्र पहिल्या दिवशीच ठरवून ठेवा, कॅरेक्टरला माहीत नसलं तरी तुम्हाला आणि डीएमला माहीत असू दे. दोन पुस्तकांचे नियम एकाच कॅरेक्टरला अर्धे अर्धे लावू नका, आम्ही केलं आणि दोन शनिवार नुसते हिशोब दुरुस्त करण्यात गेले.

लेव्हल वाढली की नवीन स्पेल नुसते शीटवर लिहू नका. विझर्ड असेल तर प्रवासात रात्री कंदिलाखाली काय करत बसला होता ते सांगा, सॉर्सरर असेल तर कुठल्या रागात किंवा भीतीत ते बाहेर पडलं ते सांगा, वॉरलॉक असेल तर वेताळानं बदल्यात काय मागितलं. दोन वाक्यं पुरतात. आमच्याकडं ज्याची लेव्हल वाढली त्यानं पुढच्या शनिवारी कुंदा, म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई, आणायचा आणि तो वाटता वाटता हे सांगायचं. फायरबॉलवर बोट ठेवणाऱ्या त्या पोरानं शेवटी सॉर्सरर केला, पाचव्या लेव्हलला पोचायला त्याला आठ महिने लागले, आणि त्या दिवशी तो पाव किलो आणायच्या ऐवजी एक किलो कुंदा घेऊन आला.